दिपेशचे नऊ गोल

माझा नवरा दिपेश याला हरता येत नाही. कॅरम असो की लग्नातल्या अंताक्षऱ्या, हरला की दोन दिवस घरात कुणाशी बोलत नाही. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी आता सगळ्यांना सांगते.

सात वर्षांपूर्वी थोरल्या भावाची, दर्पणदादांची बोट सोडून तो बोईसरला कारखान्यात लागला. तीही ऐन हंगामात सोडली. दादा चिडले नाहीत, बोलायचेच बंद झाले. दातिवऱ्यात आमची दारं समोरासमोर, तरी दोघे माना फिरवून जायचे. या मार्चमध्ये दिपेशचं कंत्राट संपलं आणि तो घरी बसला. बोटीवर परत जायचं त्याच्या मनात होतं, पण दादाला विचारायला तोंड उघडेल तर शपथ.

बोलणं सुरू झालं ते फुटबॉलच्या गेममुळे. मासेमारीच्या पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या, तेव्हा गावातले आठ जण मोबाईलवर आपापला संघ चालवायचे. खेळाडू निवडायचे, कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं, मॅच गेमच खेळतो. दादाही त्यात होते. रविवारी मॅच संपली की दादा निकालाखाली एखादी ओळ लिहायचे. "बरा खेळलास." मग, "तुजा गोलकीपर बदल." आणि जुलैअखेर दिपेश त्यांच्याकडून दोन-एकने हरला तेव्हा, "नारळी पुनवेला बोटीवर ये." पुनवेला नारळ सोडून हंगाम सुरू होतो, त्या दिवशी बोटीवर बोलावणं म्हणजे जागा परत. मला इतकं हायसं वाटलं की मी देवापुढे साखर ठेवली.

दिपेशला मात्र फक्त दोन-एक दिसलं.

नेटवरून त्याने एक चाल शोधून आणली. बचावाची रेघ अर्ध्या मैदानापर्यंत वर, तीन जण पुढे, बॉल गेला की अकराच्या अकरा तुटून पडणार, प्रत्येक कॉर्नर जवळच्या खांबाशी. खऱ्या माणसांची अर्ध्या तासात जीभ बाहेर येईल. पण गेमला त्यावर उत्तरच सुचत नाही म्हणे.

"दादाशी नको लावू ही चाल," मी म्हटलं.

"गेम हाय तो. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला तुजा दादा कळतो."

त्याच चालीने दिपेश दादांशी नऊ-शून्यने जिंकला. हाच माणूस कोळगावला जिल्हा कचेरीसमोर पर्ससीन जाळ्यांविरुद्ध घसा फोडून ओरडला होता, माशांचा अख्खा थवा घेरून नेतात, लहान बोटींना काय ठेवतात म्हणून. दादांनी खाली लिहिलं, "पर्ससीन लावलीस." आणि लीगमधून बाहेर पडले. दिपेशने त्यावर हसणारं तोंड पाठवलं. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

"जाऊन माफी माग," मी रोज सांगत होते.

"गेमची कसली माफी? त्याने बोलावलंय मला."

पुनवेला इस्त्रीचा शर्ट घालून तो किनाऱ्यावर गेला, मागून मी. बोट सजली होती. दिपेशच्या जागी केळव्याचा कुणी खलाशी उभा होता. बोटीवरच्या माणसांनी मिळून नारळ पाण्यात सोडला. मग दादा दुसऱ्या नारळाचे तुकडे काठावरच्या लोकांना वाटत आमच्यापर्यंत आले, आणि बघ्यांना देतात तसा एक दिपेशच्या हातावर ठेवला.

"घे," म्हणाले. "आनि जरा बाजूला हो. आमाला बोट लोटायची हाय."

दिपेश बाजूला झाला.