थांबली का अटकली?

आमच्या गावच्या नाटकात कुणालाच नाटक पाठ नसायचं, आणि त्याची कुणाला लाजही नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीजवळचं आमचं गाव. धान निघालं की मंडळाचं नाटक ठरलेलं. नट म्हणजे कोण, तर शेतकरी, तलावात मासे धरणारे, एखादा मास्तर. घोकत बसायला वेळ कुणाला? त्यासाठी प्रॉम्प्टर असतो. स्टेजच्या पुढ्यात, पेटी-तबल्याच्या शेजारी तो पुस्तक घेऊन बसतो. वाक्य आधी तो म्हणतो, मग नट म्हणतो. प्रेक्षकांना दोन्ही ऐकू येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही.

आमच्या गावचे प्रॉम्प्टर म्हणजे माझे बाबा. सातवीपर्यंत शिकलेले, पण वाचण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. दिवसा डोंगा आणि जाळं, संध्याकाळी तालमीचं पुस्तक. मी पहिल्यांदा स्टेजवर गेले तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि तेव्हापासून माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य आधी त्यांच्या तोंडून निघालेलं होतं. मला वाटायचं, अभिनय म्हणजे हेच.

बारावी झाली आणि चंद्रपूरच्या एका कॉलेजात नाटकाचा दोन वर्षांचा कोर्स आहे असं कळलं. आई म्हणाली, "नाटकानं का पोट भरते वो?" आणि तिनं नर्सिंगचा फॉर्म आणून कोठीवरच्या डब्यात घालून ठेवला. शेवटी तडजोड झाली. कोर्स संपला की कॉलेज सहा जणांना निवडून एक फिरता संच काढायचं. वर्षभर पगार, आणि एटापल्लीपासून जिवतीपर्यंत गावोगाव प्रयोग. त्या सहांत आले तर नाटक, नाही तर तो फॉर्म. मी हो म्हटलं. त्या वयात नाकावर राग आणि अंगात मस्ती भरपूर होती, सहाच काय, दोनच घेणार असते तरी हो म्हटलं असतं.

चंद्रपुरात माझी मस्ती पहिल्या आठवड्यात उतरली. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही चौघी राहायचो. गिरणी सुरू झाली की ताटं आपोआप सरकायची. पहाटे मैदानावर आवाजाचे व्यायाम, आणि त्यात माझा 'ण'. मी 'पाणी' म्हणायला जायची आणि 'पानी' निघायचं. आमच्या मॅडम पुण्याकडच्या. त्या शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा." एवढंच. 'मले'चं 'मला' करता करता माझी जीभ अक्षरशः दुखायची. रविवारी हातखर्चासाठी मी मोबाइलच्या दुकानासमोर सशाचा ड्रेस घालून नाचायची. चंद्रपूरचा मे महिना आणि वर कापसाचे कान! एकदा गावचा एक काका समोरून गेला, मी त्याला ओळखलं, पण सशाला कोण ओळखणार म्हणून खुशाल हात हलवला. त्यानंही हलवला आणि विचारलं, "बाबा बरे हायेत का?" माझ्या चालण्यावरून ओळखलं म्हणे.

वर्गात तर रोज नवीन फजिती. आमच्याकडे स्टेजवर तीन माइक वरून दोरीनं टांगलेले असतात. बोलायचं तर त्याखाली जाऊन, हनुवटी वर करून. चंद्रपुरात माइक नव्हता, तरी मी तीन ठरलेल्या जागी जाऊन आभाळाकडे तोंड करून बोलायची. मॅडमनी दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "वर कोण राहतं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण डोक्यात तिडीक गेली होती.

एका गोष्टीचं मात्र कौतुक व्हायचं. प्रत्येक वाक्याआधी मी किंचित थांबायची. मॅडम बाकीच्यांना म्हणायच्या, "बघा, ही विचार करून बोलते." माझी छाती फुगायची. पुढे दुसऱ्या वर्षी एके दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या क्षणात तू नक्की काय विचार करतेस? सांग यांना."

मी खरं ते सांगून टाकलं. "काही नाही मॅडम. कोणी वाक्य सांगते का म्हणून वाट पाहते."

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "वाक्यं तुला पाठ आहेत. तरी तू दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघतेस. थांबणं वेगळं आणि अडणं वेगळं. परीक्षेच्या प्रयोगात मला एकदा जरी अडलेली दिसलीस, तर संचात घेणार नाही." त्या दिवशी मी खोलीवर जाऊन खूप रडले. रडण्याचा आवाज गिरणीमुळे कुणाला ऐकू आला नाही, तेवढं बरं झालं.

दिवाळीला घरी गेले ते परीक्षेच्या नाटकाचं पुस्तक घेऊनच. नाटक एका सुनेचं होतं. गावच्या पाटलाचं धानाचं पुंजणं, म्हणजे मळणीआधी रचलेली गंजी, जळतं, तिला पंचायतीत उभं करतात, सरपंच विचारतो, "पुंजणं कोणी पेटवलं?" ती बराच वेळ गप्प राहते आणि मग म्हणते, "हो. मीच पेटवलं." सगळं नाटक त्या गप्प राहण्यावर उभं होतं.

सकाळी बाबांबरोबर डोंग्यात जायची. जाळं मी ओढायची, पुस्तक त्यांच्या हातात, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी म्हटलं, "बाबा, तुमी फक्त पाहा. सांगू नका."

"हाव," ते म्हणाले, आणि पहिलंच वाक्य सांगून मोकळे झाले.

"बाबा!"

"तोंड आवरत नाई माय. इतके वर्षं झाले, सवय हाय."

म्हणजे खोड फक्त मलाच नव्हती. मी थांबले की ते बोलायचे, ते बोलले की मी म्हणायची. शेवटी आम्ही एक खूण ठरवली. मी मांडीवर बोटं दोनदा आपटली की समजायचं, पाठ आहे, सांगू नका. चार दिवसांत मी इतक्या वेळा मांडी बडवली की ती लाल झाली. पाचव्या दिवशी मी त्या प्रश्नाशी थांबले. बाबांनी ओठ घट्ट मिटले होते, गाल फुगले होते. डोंगा हळूच फिरत होता. मग माझं मलाच वाटलं तेव्हा मी बोलले. बाबांनी हुश्श केलं आणि म्हणाले, "लय त्रास होते वो, गप्प बसाचा."

परीक्षेचा प्रयोग दुपारी तीनला होता. बाबा पहाटेच्या एसटीनं आले, धुतलेला शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. मॅडम पहिल्या रांगेत, मांडीवर वही. मी आत जीव मुठीत धरून उभी होते.

पण स्टेजवर गेले आणि काय झालं कोण जाणे, सगळं सुटं होत गेलं. 'ण' नीट, हनुवटी खाली, वाक्यं आपापल्या वेळी येत होती. पंचायतीचा प्रवेश आला. सरपंचानं विचारलं, "पुंजणं कोणी पेटवलं?" मी थांबले. स्टेजवर पहिल्यांदा कुणाचीही वाट न पाहता थांबले.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, स्टेजपर्यंत हमखास पोचणाऱ्या त्या आवाजात, बाबा म्हणाले, "हो. मीच पेटवलं!"

सगळा हॉल वळून त्यांच्याकडे पाहू लागला. सरपंच झालेल्या मुलानं आ वासला. काही जण हसले. मॅडमचं पेन वहीवर टेकलेलं मला दिसलं. मग माझी बोटं आपोआप मांडीवर दोनदा आपटली. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मी त्यांच्याकडे वळले आणि सुनेच्याच आवाजात म्हटलं, "बाबा, मधात बोलू नका. मले विचारलं आहे."

दोन वर्षं घोटलेलं 'मला' कुठल्या कुठे गेलं. पण हसणारे गप्प झाले. मी पुन्हा सरपंचाकडे पाहिलं आणि मला हवं तितकं थांबले. आधीपेक्षाही जास्त. मग म्हटलं, "हो. मीच पेटवलं." टाळ्या इतक्या वाजल्या की पुढचं वाक्य मला दोनदा घ्यावं लागलं. मला इतका आनंद झाला होता की त्या गंभीर प्रवेशात हसू दाबताना नाकी नऊ आले.

प्रयोग संपल्यावर बाबा हात जोडून मॅडमसमोर उभे होते. "माही चुकी हाय म्याडम. पोरीले काई बोलू नका. मले समजलंच नाई, थांबली का अटकली."

मॅडमनी विचारलं, "किती वर्षं प्रॉम्प्टिंग करता?"

"हिच्या जलमाच्या आधीपासून."

"तरी तुम्हाला ओळखू आलं नाही?"

"नाई ना म्याडम. कोणतंच पात्र असं थांबत नाई आमच्याकडं."

मॅडमनी वही मिटली आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. पण पास की नापास, ते काही सांगितलं नाही.

यादी दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. बाबा रात्री एका ओळखीच्याकडे थांबले होते, तेही आले. नोटीस बोर्डापर्यंत जायची माझी हिंमत होईना, मी पायरीवरच उभी राहिले. बाबांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. पाच नावं झाली, त्यांत मी नव्हते. त्यांचं बोट सहाव्यावर गेलं. त्यांनी खाकरून आवाज साफ केला आणि माझं नाव घेतलं, नाव, बापाचं नाव, आडनाव, अगदी प्रॉम्प्टरच्या आवाजात. मग सवयीनं माझ्याकडे पाहत राहिले, आता मी म्हणेन म्हणून.

या वेळी मात्र मी खरंच अटकले होते. बाबांनी पुन्हा सांगितलं.