बाटलीतली चिलटं

मी चौथी शिकलेला माणूस. पण मोसंबीला ताण कसा द्यायचा, हे वडीगोद्रीच्या आसपासचे लोक अजून मलाच विचारायला येतात. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी बंद करायचं. पानं पिवळी पडतात, गळायला लागतात. नवा माणूस घाबरतो आणि मोटार चालू करतो, तिथंच फसतो. झाड तहानलं की मगच फुलावर येतं.

हीच रीत मी स्वतःला लावली. तरणा होतो तेव्हा भर उन्हात औत हाकायचो आणि एका तांब्यावर दिवस काढायचो. बांधावर बसून घटाघटा पाणी पिणारा गडी मला कामचोर वाटायचा. लोक म्हणायचे, ह्याचं हाड बाभळीचं हाय. ते ऐकायला मला गोड लागायचं, म्हणून म्हातारपणीही सवय मोडली नाही.

दिवाळीनंतर पाय सुजायला लागले. जालन्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणाला, बाबा, किडनीवर भार आलाय, दिवसभर थोडं थोडं पाणी पीत जा, पंधरा दिवसांनी परत रक्त द्यायला या. ती चिठ्ठी घडी करून मी बंडीच्या खिशात घातली. पंधरा दिवस गेले, महिना गेला, चिठ्ठी खिशातच. काल डॉक्टर झालेलं पोर मला पाणी प्यायला शिकवणार?

पण जीव थाऱ्यावर नव्हता, हे खरं. बसलो की उठावं वाटायचं, उठलो की कुठं जावं ते सुचायचं नाही. दिवसातून चारदा बागेत चक्कर. ताणावरच्या बागेत काम तरी काय असतं? यंदाचं फळ बघायला आपण असू का, एवढंच डोक्यात.

संक्रांतीला नात आली. ती पुण्यात चिलटांवर संशोधन करते. चिलटं म्हणजे तीच, सडक्या केळावर घोंगावतात ती. गावात कुणी विचारलं तर मी "डॉक्टर हाय" एवढंच सांगतो. चिलटांचं सांगायला जीभ रेटत नाही.

आल्या आल्या तिनं माझ्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. ती सैपाकघरात गेली, केळाच्या सालींवरची चिलटं काचेच्या बाटलीत धरली, तोंडाला फडकं बांधलं आणि ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, चिलटाला किडनी असते का?"

"एवढ्याशा जिवाला कुठून असंल?"

"आपल्यासारखी न्हाई. पण त्याच्या काळजाच्या कडेला काही पेशी असतात, रक्त गाळणाऱ्या. काम किडनीचंच. प्रयोगात आम्ही त्या मुद्दाम कमजोर करतो."

"मंग?"

"मंग चिलट लवकर म्हातारं होतं, मरतंही लवकर. त्या पेशी धड ठेवल्या तर जास्त दिवस चांगलं जगतं. चिलटाचं सांगून राह्यले हां, माणसाचं बराबर तसंच असतं असं न्हाई."

तिनं बाटली पायरीवर टकटक आपटली. सगळी चिलटं तळाला पडली आणि लगेच काचेवरून वर चढली. तीन खालीच राहिली. त्यातलं एक दोन बोटं चढलं आणि घसरलं.

"हे म्हातारे," नात म्हणाली. "कोण किती चढतं, त्यावर आम्ही वय ओळखतो. पेशी बिघडल्या की तरणंबी असं तळालाच राहतं."

मी उठलो. "बागेत जाऊन येतो."

"आत्ताच आल्ते ना," माझी म्हातारी आतून बोलली. "झाडं पळून चालली का?"

शेततळ्याचा बांध मी रोज चढतो. त्या दिवशी निम्म्यावर थांबावं लागलं. दम लागला. वर जाववेना, खाली उतरायची लाज वाटली. बघणारं कुणी नव्हतं, तरी वाटली.

तिथून बागेच्या कडेची ओळ दिसते. तिथं आता मोकळी जागा आहे. एका वर्षी जास्त फुलं येतील म्हणून मी पाणी आठ दिवस लांबवलं होतं. पोरगा नको म्हणत होता. फुलं आली नाहीत, झाडंच वाळली. विचारायला येणाऱ्यांना ही ओळ मी कधी दाखवली नाही. डिंक्या रोगानं गेली म्हणून सांगतो.

घरी आलो आणि चिठ्ठी नातीच्या हातात दिली. तिनं तारीख बघितली आणि आजीकडं बघितलं.

म्हातारी म्हणाली, "झाडाला दीड महिना ताण देतेत. तुम्ही जलमभर देऊन राह्यले. बहार कधी धरायचाय?"

नात तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून हसली. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

"पाणी आण," म्हणालो.

म्हातारीनं भरलेला तांब्या आणला.

"एवढं न्हाई. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं. आंबवणी. पेला आण."

"आणि जालन्याला?" नातीनं विचारलं.

"उद्या. आधी बागेचं पाणी सोडतो, मंग जाऊ."

पेला रिकामा केला. तरी बसवेना. बाटलीचं फडकं सोडलं, वरची चिलटं भुर्रकन गेली. तळाची तीन तशीच. मी बाटली पायरीवर आडवी ठेवली. आडवीतून बाहेर यायला चढावं लागत नाही. दोन हळूहळू निघाली. तिसऱ्याची वाट बघत मी म्हातारीपुढं पेला परत धरला.