गाणी सांगणारीचं नाव

शोधनिबंधासाठी मी माझ्या मावशीकडून तिच्या लहानपणीची भांगलणीची, म्हणजे शेतातलं तण काढताना म्हणायची गाणी लिहून घेतली होती. मार्गदर्शक म्हणाले, "सांगणाऱ्या बाईचा संदर्भ द्या. आधी आडनाव, मग नाव." एवढं सोपं काम, पण तिथंच माझं घोडं पेंड खाऊ लागलं.

मावशी येळ्ळूरची. लग्न होऊन शहापूरला आली तेव्हा रिवाजाप्रमाणं आडनावासकट तिचं नावही बदललं. शेतात गाणी शिकली ती एका नावाची पोर, मला सांगितली ती दुसऱ्याच नावाच्या म्हातारीनं. मग संदर्भ कुणाचा द्यायचा? मार्गदर्शकांना विचारलं तर ते खेकसले, "आधार कार्डावर आहे ते टाका!" असं असतं होय संशोधन? पण दुसरं काही सुचेना, म्हणून कार्डावरचं तेच सासरचं नाव टाकलं.

निबंध छापून आल्यावर मावशीला तिचं नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली,

"ही कशी गं सांगंल गाणी? गायची ती येळ्ळूरची पोर. ही तर सासरी आल्यापास्नं कधी मोठ्यानं बोलली न्हाय."