नाना दोन इंच कमी सांगायचे

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी पायमशीन चालवली आणि तीही अनवाणी, कारण चप्पल घातली की म्हणे पॅडलचा अंदाज येत नाही. माप घेताना त्यांची एक खोड होती. कंबर छत्तीस भरली की मोठ्याने "चौतीस" म्हणायचे आणि वहीत गुपचूप छत्तीस लिहायचे. चारचौघांत माणसाला कशाला ओशाळं करायचं? कपडा बरोबर बसायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन यायचं.

हीच मेहेरबानी ते डॉक्टरबाईंवरही करत होते, हे मला दोन वर्षांनी कळलं.

मधुमेह जुनाच. पूर्वी गल्लीच्या टोकाला दवाखाना होता. तिथले डॉक्टर नानांना टेबलावर बसवून आधी पाय बघायचे, मग तोंडाकडे. तो बंद पडला. दोन तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलातून निरोप आला की येण्याची गरज नाही, महिन्यातून एकदा डॉक्टरबाई व्हिडिओ कॉल करतील, घरबसल्या सोय. सोय कुणाची, ते कुणी सांगितलं नाही.

कॉल दहा मिनिटांचा. त्यातली चार मिनिटं "आवाज येतोय का" यातच जायची. नाना वर इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, खाली घरातली विटकी हाफ पँट. फोन मी रिळांच्या डब्याला टेकवून धरायची. मध्येच चित्र गोठायचं, डॉक्टरबाईंचं तोंड उघडंच राहायचं आणि नाना त्या उघड्या तोंडाला नमस्कार करून "बरं, बाई" म्हणून मोकळे व्हायचे. पुन्हा जोडावं तर पुढच्या पेशंटची वेळ झालेली. तक्रारीचा नंबर लावला की एक बाई रेकॉर्डवर सांगायची, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मी सगळे आकडे दाबून पाहिले. माझ्या नाकी नऊ आले, पण माणूस काही भेटला नाही.

कॉल टिकला तर प्रश्न ठरलेले. साखर किती? नाना वहीत बघून सांगायचे, एकशे चाळीस. पायाला काही दुखतंय का? काही नाही. छान, त्याच गोळ्या चालू ठेवा.

एके दिवशी सकाळी मी मशीनखालची कात्रणं झाडायला वाकले तर वास आला. नानांचा उजवा अंगठा खालून काळा पडला होता आणि पॅडलवर ओला डाग होता. टाचणी मोडून आत राहिली होती. कधी रुतली, त्यांना ठाऊक नव्हतं. मी साखरेची वही ओढून घेतली. दोनशे चाळीस. दोनशे साठ. दोनशे नव्वद. एकशे चाळीस कुठेच नव्हतं.

"नाना, हे काय आहे?"

"अगं, तुझ्याएवढी पोर ती. दिवसभर आजारीच माणसं बघते. म्हटलं, तिला जरा बरं वाटावं. वहीत तर बरोबर लिहिलंय ना मी?"

"तुमची वही तिच्याकडे आहे का? ती तुमच्या तोंडच्या मापावर शिवत होती, नाना."

आतून आई म्हणाली, जित्याची खोड. मला दोघांचाही राग आला. डॉक्टरबाईंचाही आला, कारण दोन वर्षांत त्यांनी एकदाही "पाय दाखवा" म्हटलं नव्हतं. सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला. फोन माझ्याच हातात असायचा आणि तो खाली वळवायला मला कुणी अडवलं नव्हतं.

तातडीचा कॉल मागितला तर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. मी फोन ठेवला, गाडी केली आणि नानांना घेऊन सरळ हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला ओळखलं. पायावरचं फडकं सोडलं आणि वाकून अंगठा खालून पाहिला. मग म्हणाल्या, अंगठा काढावा लागेल. नानांनी एवढंच विचारलं, "मशीन चालवता येईल ना?"

त्या म्हणाल्या, बाकीच्या पायाला किती कळतंय त्यावर आहे, आणि नानांना डोळे मिटायला सांगितलं. पायाला दोरा लागला की "हो" म्हणायचं. बाईंच्या हातात नायलॉनचा बारीक दोरा होता. नाना डोळे घट्ट मिटून, अगदी मन लावून पडून राहिले. बाईंनी दोरा दुसऱ्या बोटाला टेकवला, मग करंगळीला, मग तळव्याला तीन ठिकाणी, मग टाचेला. डावा पायही झाला. त्यांनी दोरा खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

नानांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"बाई," ते म्हणाले, "मी तयार आहे. करा सुरुवात."