भरती पुन्हा सुरू

आमच्या नारायण पेठेतल्या वल्लरी अपार्टमेंटच्या रखवालदाराचं नाव तिलबहादुर पुन. हे आधीच लिहून ठेवतो, कारण इमारतीत त्याला सगळे ‘गुरखा’च म्हणतात. एकदा खालच्या मजल्यावरच्या दीनानाथांनी त्याचं आडनाव विचारलं आणि म्हणाले, “पुन? मग पुण्यातच सडणार तू.” तेवढ्यावर विषय संपला. मला लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

चालताना त्याचा उजवा पाय जरा उशिरा टेकतो. आपल्या सैन्यात असताना काश्मीरमध्ये तो पाय सुरुंगावर पडला होता. कृत्रिम पाय बसवायला पलटणीने त्याला इथल्या वानवडीच्या लष्करी केंद्रात धाडलं. पायाच्या दुरुस्तीला पुन्हापुन्हा इथेच यावं लागतं, म्हणून तो इथेच राहिला. बायको आणि मुलगा सुजन नेपाळात, डोंगरातल्या गावी. वडीलही आपल्याच सैन्यात होते, एकाहत्तरची लढाई लढलेले. मी एकदा विचारलं, “दुसऱ्याच्या देशासाठी लढताना काही वाटत नाही?” त्याला प्रश्नच कळला नाही. “माझा पलटण आहे ना, काका,” तो म्हणाला.

सुजनलाही त्याच पलटणीत जायचं होतं. पण आपल्याकडे भरतीचे नियम बदलले, चार वर्षांची नोकरी आली, आणि गुरखा भरतीच्या जुन्या करारात हे बसत नाही म्हणून नेपाळ सरकारने मुलं पाठवणं थांबवलं. दोन्ही सरकारं आपापल्या जागी बरोबर असतील. सुजनचं वय मात्र थांबत नव्हतं.

नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे तिलबहादुर आमचा मराठी पेपर वाचायचा. अर्धा कळायचा, अर्धा अंदाजाने. एका सकाळी तो पेपर घेऊन जिना चढून वर आला. एरवी तो जिना टाळतो.

“काका, भर्ती खुलली!”

मथळा होता, ‘सैन्य भरती पुन्हा सुरू, जिल्ह्यातील तरुणांना संधी’.

“अहो, हे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मुलांसाठी आहे,” मी म्हटलं.

त्याने पुन्हा मथळा वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग हळूच म्हणाला, “सुजन निघाला, काका. मी फोन केला.”

“मग परत फोन करा.”

“येऊ दे. पलटणचा मुलगा आहे. बघतील, घेतील.”

सुजन आला. जिन्याखालच्या खोलीत राहिला, पहाटे आमच्या गल्लीत धावला. भरतीच्या दिवशी तिलबहादुरने छातीवर पदकं लावली आणि त्याच्याबरोबर गेला. दारावरच्या हवालदाराने पदकं पाहून बापाला सॅल्यूट केला, मग कागद पाहून मुलाला रांगेतून बाजूला केलं. तिलबहादुर मला हे सांगताना सॅल्यूटचंच पुन्हापुन्हा सांगत होता.

मुलगा गावी परतला. त्यानंतर काही महिन्यांनी तिलबहादुरच्या फोनवर फोटो आला. बर्फ, अनोळखी गणवेश, खाली बसलेले चारपाच नेपाळी तरुण. सुजन रशियाच्या सैन्यात शिरला होता.

“काका, रशिया आपला दोस्त आहे ना?”

“आहे.”

“मग पोरगा आपल्याच बाजूला आहे.”

‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, हे मी विचारलं नाही. पुढे फोन येणं बंद झालं.

त्यांच्याकडे दसऱ्याला वडीलधारी माणसं तांदूळ, दही आणि कुंकू कालवून धाकट्यांच्या कपाळावर जाड टिळा लावतात. घरात कुणी गेलं असेल तर त्या वर्षी टिळा नसतो. इथे त्याला वडीलधारं कुणी नाही, म्हणून तो दरवर्षी वाटी घेऊन माझ्याकडे येतो. गेल्या दसऱ्यालाही आला. “लावा काका. फोन नाही म्हणून काय झालं?” मी लावला. दिवसभर तो टिळा त्याने पुसू दिला नाही.

यंदा मी सकाळपासून वाट पाहिली. तो वर आला नाही. संध्याकाळी खाली उतरलो. फाटकाजवळच्या कट्ट्यावर दीनानाथ आणि त्यांचे शेजारी आप्पासाहेब आपट्याची पानं घेऊन बसले होते. बातम्यांतल्या कुठल्याशा शिखर परिषदेवर चर्चा चालली होती.

“लहान देशाशी लष्करी दोस्ती म्हणजे बिऱ्हाडात राहायला आलेला भाचा,” दीनानाथ म्हणाले. “जेवायला पुढं, पाणी भरायला मागं.”

“नेपाळच घ्या ना,” आप्पासाहेब म्हणाले. “सगळं आपल्याकडून घ्यायचं आणि आता सैन्यात पोरंसुद्धा पाठवत नाहीत. काय रे गुरखा?”

तिलबहादुर फाटकाशी उभा होता. दिव्याच्या उजेडात त्याचं कपाळ कोरं दिसलं.

मी जवळ जाऊन विचारलं, “काही कळलं?”

“नाही, काका.”

“मग टिळा?”

“सुजनची आई म्हणाली, आता पुरे.”

“अरे, विचारतोय मी,” आप्पासाहेब मागून म्हणाले. “पाठवता का पोरं?”

तो वळला, ताठ उभा राहिला. “नाही साहेब,” तो म्हणाला. “आता नाही पाठवत.”

“बघा!” दीनानाथ म्हणाले, आणि आपट्याचं पान त्याच्या हातात ठेवलं. “घे, सोनं घे.”