ब्यूकचा मूळपुरुष

सासूबाईंना घेऊन सॉल्ट लेकला घरी जाताना बागबाजारात आमची गाडी तापून बंद पडली. समोरच्या गॅरेजातले वृद्ध मेकॅनिक आले. डॉक्टर घसा बघतात तशी मान तिरकी करून त्यांनी बॉनेटखाली पाहिलं आणि फुटलेल्या पाइपवर नळाची पट्टी आवळायला घेतली.

"दादा, हे तर प्लंबरचं सामान!" मी दचकलो.

त्यांनी पान्याने कोपऱ्यातली जुनी ब्यूक दाखवली. बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले, "त्या अमेरिकन गाडीवर ज्याचं नाव आहे ना, तो आधी प्लंबरच होता. बाथटबवर इनॅमल चढवायचा. चालता धंदा विकून गाडीच्या नादी लागला. पुढे कंपनीही हातची गेली, गरिबीत मेला." आणि त्यांनी ब्यूकला नमस्कार केला.

सासूबाई गहिवरल्या. त्या भरात म्हणाल्या, "मग हमारे बाथरूम का नळ भी देखोगे? फार गळता है."

मेकॅनिकदादांनी हात पुसत बराच विचार केला. "नाही मासीमा. एकदा गाड्यांकडे वळल्यावर तोही नळाकडे परत गेला नाही."

गाडी थेंबही न सांडता घरी पोचली. नळासाठी मात्र अजून प्लंबर मिळालेला नाही. बहुधा सगळे गाड्यांकडे गेले असावेत.