टोपीखालच्या नऊ वेण्या

राजेशचे केस सहा महिन्यांचे झाले होते आणि कुणाच्याच उपयोगाचे राहिले नव्हते. मागे सारले तर कानांपाशी सुटत, पुढे सोडले तर डोळ्यांत जात, बांधायला अजून चार बोटं कमी पडत. बिरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत तो रोज पहाटे ओंजळभर खोबरेल चोपडून ते डोक्यावर थापून बसवी आणि वर कारखान्याची टोपी दाबी.

हौस म्हणून वाढवलेले केस नव्हते ते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. शिमग्याच्या खेळात तिथे तो राधा होई. गेल्या शिमग्यात गिरकी घेताना डोक्यावरचा केसांचा टोप सुटला आणि एका कानाला लोंबत राहिला. शेजारच्या गावची माणसं इतकी हसली की ढोलकी थांबली. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर राजेश बोलून गेला, "येत्या शिमग्याला गंगावन माझ्याच केसांना बांधीन. नाय जमलं तर राधा दुसऱ्याला द्या." गंगावन म्हणजे बायका अंबाड्यात गुंफतात तो केसांचा झुबका. तो बांधायला खाली स्वतःचे केस धरायला लागतात.

कारखाना रंगाच्या भुकटीचा. राजेश तिथे कंत्राटावर होता. दिवाळीनंतर आठ जणांना कायम करणार होते आणि त्या यादीत त्याचं नाव होतं.

एका मंगळवारी तो मिक्सरच्या तोंडाशी वाकून पोतं रिकामं करत होता. तेलकट केसांवरून टोपी मागे सरकली आणि पुढची बट डोळ्यांवर आली. दिसेनासं झालं म्हणून ती सारायला त्याने हात उचलला. मिक्सरच्या फिरत्या दांड्याने हातमोजा पकडला आणि बोटांतून ओढून नेला. हात वाचला तो शेजारच्या महिपतीने बटण दाबलं म्हणून. महिपती त्या यंत्रावर बारा वर्षं होता.

शिफ्टचे सुपरवायझर दिलावरभाई धावत आले. महाडचे, कमी बोलणारे.

"मोजा?"

"आत गेला."

"टोपी काढ."

राजेशने टोपी काढली. मागचे केस काळे होते, पुढच्या बटा भुकटीने पिवळ्याजर्द.

"काळे आत होते, पिवळे बाहेर होते. मला कुणाला विचारायची गरज नाही. उद्या कापून ये."

"दिलावरभाई, शिमग्यापर्यंत तेवढं..."

"शिमगा मार्चात आहे. तुझा हात आज जात होता." त्यांनी आवाज खाली आणला. "आधीच्या नोकरीत मी एकाची टोपी जमिनीवरून उचलली होती. हाताला जड लागली. आत केस होते, आणि केसांना कातडी. कापून ये, नाहीतर गेटवरूनच मागे फिर."

सुटी झाल्यावर राजेश सरळ भिकू न्हाव्याच्या दुकानात गेला आणि खुर्चीत बसला. भिकूने गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री घेतली आणि तसाच उभा राहिला.

"काय करतोस? काप."

"दर महिन्याला तुझी मान साफ करतोय, मागचं उतरवतोय, वरचं सोडतोय. सहा वेळा. माझीपन मेहनत हाय ती."

"मग बसवून दे. टोपीतून एक केस बाहेर येता नये."

"मला कापून बसवता येतं. बांधून नाय येत. ते बायकांचं काम, त्यांना विचार." त्याने कापड सोडलं. "नायच जमलं, तर सकाळी सहाला दुकान उघडतो मी."

घरमालकीण ठकूबाई. चार मुलींची लग्नं लावून मोकळी झालेली. राजेशची बायको रेश्मा त्याला तिच्या ओटीवर घेऊन गेली. ठकूबाईने त्याच्या डोक्यातून बोटं फिरवली आणि ती बोटं त्याच्याच सदऱ्याला पुसली.

"ह्ये काय रे? डोकं हाय का तळणीची कढई?"

"तेलानं बसतात म्हनून..."

"तेलानं निसटतात! आनि तुमची ती भुकटी चिकटते ती येगळीच. जा, शिकेकाईनं धू. दोनदा धू. हाताला कुरकुर लागली पायजे."

तो धुऊन आला. ठकूबाईने त्याला पाटावर बसवलं. जावळ काढल्यावर मुलींचे केस वाढताना असेच मधे अडकतात, तेव्हा डोक्याला चिकटून बारीक सागरवेण्या घालायच्या, असं ती रेश्माला सांगत होती. पाण्याचा हात, तीन पेड, दर वळणाला खालचे दोन-चार केस उचलून आत घ्यायचे. शेवटाला दोरा. तिने एक घालून दाखवली. दुसरी रेश्माने घातली. ठकूबाईने करंगळी आत घातली, ती गेली.

"सोड. करंगळी जाता नये."

रेश्माने ती वेणी तीनदा सोडून घातली. राजेशच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली नाही. नऊ वेण्या व्हायला दोन तास लागले.

सकाळी गेटवर दिलावरभाई उभेच होते. "कापलेस?"

"नाय. बांधले."

त्यांनी एका बोटाने टोपीची कड उचलून पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ठीक. महिपती शेजारी उभा राहील. तीन वाजता सगळ्यांसमोर टोपी काढायची. मी पांढऱ्या फडक्याने पुसणार. पिवळं आलं तर यादीतलं नाव मी स्वतः खोडेन."

"सगळ्यांसमोर?"

"काल सगळ्यांसमोरच मरत होतास."

सात ते तीन. त्या दिवशी बेचाळीस पोती होती. प्रत्येक पोत्याला वाकताना राजेशचं लक्ष कानांवर होतं. काही सुटलं तर आधी तिथे कळलं असतं. घाम मानेवर उतरला, डोकं खाजायला लागलं. खाजवायला बोट आत घातलं तर केस उचकटेल, म्हणून त्याने दोन्ही हात कामातच ठेवले. दुपारी बाकीचे टोप्या काढून जेवले, तो टोपीसकट जेवला. तिसाव्या पोत्याला उजव्या कानामागे काहीतरी वळवळलं. त्याने महिपतीकडे पाहिलं. महिपतीने वाकून बघितलं.

"घाम हाय. ओत."

तीनचा भोंगा झाला. पाळीची वीस माणसं हात धुवायच्या नळापाशी जमली. राजेशने टोपी काढली.

 मागून एक आवाज आला, "राधा गो, आरसा देऊ काय?" आणि नळापाशी हशा फुटला. "रिबिनी इसरली वाटतं घरी!" "कुनाला बघाया जायचंय गो?"

राजेशची कानशिलं तापली. तो खाली फरशीकडे बघत राहिला. दिलावरभाईंनी एकेक वेणी चिमटीत धरून ओढली. नऊच्या नऊ. मग फडकं कपाळाच्या कडेपासून मानेपर्यंत फिरवलं आणि उलटून पाहिलं. घामाचा डाग होता. पिवळं नव्हतं.

महिपतीने ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं, स्वतःची टोपी काढली आणि आपल्या बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांवर घासलं. फडक्यावर पिवळा पट्टा उठला.

"आता हसा," तो म्हणाला. "ज्याचं फडकं राजेशच्यापेक्षा साफ निघंल, त्यानं हसा."

कुणी टोपी काढली नाही. हशा विरला, माणसं पांगली.

दिलावरभाईंनी फडक्याची घडी घातली. "हे एका दिवसाचं झालं. उद्या पुसणार, परवा पुसणार. ज्या दिवशी आळस करशील त्या दिवशी घरी."

"व्हय."

"शिमग्यापर्यंत एकशे सत्तर दिवस आहेत."

"मोजलेत मी."

तो खोलीवर आला. रेश्मा दारातच उभी होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाट मांडला. राजेश पाटावर तिच्याकडे पाठ करून बसला. वेण्या सोडायच्या होत्या, केस धुवायचे होते, रात्रभर मोकळे ठेवून पहाटे पुन्हा नऊच्या नऊ घालायच्या होत्या. टाळू ठणकत होती.

"काल दोन तास लागले," तो म्हणाला. "उद्या दीड तासात बसव. साडेचारला उठव मला."

रेश्माने पहिला दोरा सोडला.